मुलांचे मन आणि सुरांचा आधार

(सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात भरलेल्या पालक-शिक्षक मेळाव्यात विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी संगीताचा उपयोग कसा होतो, या विषयावर चार शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी डॉक्टर नाही आणि गवईही नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या सेवेत आलेला एक प्रसिद्धी अधिकारी आहे. गेली वीस वर्षे शालेय भजन स्पर्धा, समूहगीत स्पर्धा आणि घुमट आरती स्पर्धा यांची वृत्ते लिहिणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. किती पथकांनी भाग घेतला, प्रथम पारितोषिक कोणास मिळाले, प्रमुख पाहुणे कोण होते, हे सारे मी नेमाने नोंदविले. परंतु मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलविणारा मुलगा कोण, आणि तो गात का नाही, हे मी कधी विचारले नाही. ते विचारण्याची पाळी माझ्या स्वतःच्या घरात आली. म्हणून आज अधिकारी या नात्याने थोडे आणि एका मुलाचा मामा या नात्याने अधिक बोलणार आहे.

घरचा अनुभव

माझा भाचा आठवीत असताना त्याचे वडील रस्त्यावरील अपघातात वारले. मी हे त्याच्या आणि माझ्या बहिणीच्या संमतीने सांगत आहे. पहिले दोन महिने मुलगा फारसा रडला नाही, आणि आम्हा मोठ्या माणसांना ते त्याच्या समजूतदारपणाचे लक्षण वाटले. हळूहळू तो बोलेनासा झाला. शाळेच्या भजन पथकात तो होता. पण तोंड उघडत नाही म्हणून स्पर्धेच्या आधी त्याला वगळण्यात आले. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. पथक जिंकावे अशी त्यांच्यावर जबाबदारी होती, आणि अशा जिंकण्याचे कौतुक छापणारा मीच होतो.

बहीण म्हणाली, "दादा, याला डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणालो, "लोक काय म्हणतील ते राहू दे; पण आधी त्याचे मन गाण्यात रमवून पाहू." कोणत्या विकारावर कोणता राग गुणकारी, अशी एक यादी माझ्या वाचनात आली होती. त्या यादीप्रमाणे मी त्याच्या मोबाइलवर गाणी पाठवू लागलो. मुलगा रात्र रात्र कानाला यंत्र लावून पडून राही. आम्हाला वाटे, ऐकतो आहे, बरे होईल. यात तीन महिने गेले. एके दिवशी त्याने आपली क्रिकेटची बॅट शेजारच्या मुलाला कायमची देऊन टाकली आणि आईला म्हणाला, "मला आता लागणार नाही." माझ्या बहिणीचे शिक्षण दहावीपर्यंतचे, परंतु त्या वाक्यातील धोका तिला कळला, मला कळला नाही. तिने त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले. पुढे बांबोळीला उपचार सुरू झाले. मुलगा वाचला तो त्याच्या आईच्या त्या एका निर्णयामुळे. माझ्या यादीमुळे नव्हे.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन केले. जे समजले ते आपणापुढे ठेवतो.

संगीतोपचार म्हणजे काय?

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. संगीत शिकणे ही एक गोष्ट, संगीत ऐकून मन रमविणे ही दुसरी गोष्ट आणि संगीतोपचार ही तिसरी गोष्ट. संगीतोपचारात प्रशिक्षित माणूस असतो, मुलाच्या अडचणीचा आधी केलेला अभ्यास असतो, ठरविलेले उद्दिष्ट असते आणि प्रगतीची नोंद असते. या विद्येचा पहिला पदवी अभ्यासक्रम अमेरिकेतील मिशिगन येथे १९४४ साली सुरू झाला. ब्रिटनमध्ये ज्यूलिएट आल्विन या सेलोवादक बाईंनी १९५८ साली संगीतोपचारासाठी संस्था स्थापन केली. पुढे १९८५ साली जागतिक संघटनाही उभी राहिली.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे समजण्यासाठी पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स या दोघांचे उदाहरण पुरेसे आहे. नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार. रॉबिन्स हे विशेष मुलांचे इंग्रज शिक्षक. १९५९ साली इंग्लंडमधील वुस्टरशायर परगण्यातील एका बालगृहात दोघांनी एकत्र काम आरंभले. नॉर्डॉफ पियानोपाशी बसत. मूल आले की त्याला गाणे शिकवीत नसत. मूल अंग झुलवू लागले तर त्या झुलण्याच्या लयीत पियानो वाजे. मूल रडू लागले तर त्या रडण्याच्या स्वराला जुळणारा स्वर उमटे. मुलाने ढोलावर एक थाप मारली की पियानो तिला उत्तर देई. आपण काही केले आणि जगाने त्याला उत्तर दिले, हा अनुभव ज्या मुलाला कधी आला नव्हता त्याला तो तेथे मिळे. मग मूल दुसरी थाप मारी, उत्तराची वाट पाही, आणि संवाद सुरू होई.

श्रोतेहो, माझी चूक मला येथे समजली. मी भाच्याला गाणी ऐकविली. त्याचे मात्र मी काहीच ऐकले नाही. संगीतोपचारात ऐकण्याचे काम आधी मोठ्या माणसाचे असते.

आपल्या भूमीचा एक धडा

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. आपण सर्वांनी तो येता-जाता पाहिला असेल. बार्देशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनावर जाहीर व्याख्याने दिली. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो आणि त्यामुळे रोग्यावर परिणाम होतो, असे त्या काळी अनेक जण मानीत. फारिया यांनी सांगितले की असा कोणताही द्रव नाही. या अवस्थेचे कारण समोरच्या माणसाच्या स्वतःच्याच मनात असते.

संगीताच्या बाबतीतही आज हाच विवेक हवा. अमुक राग ऐकविला म्हणजे अमुक मनोविकार बरा होतो, असे ठामपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. राग श्रेष्ठ आहेत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जितेंद्र अभिषेकी यांच्या या भूमीत त्याविषयी दुमत होणार नाही. परंतु राग म्हणजे बाटलीतले औषध नव्हे. गुण येतो तो स्वर, मूल आणि मुलापाशी बसलेला माणूस या तिघांच्या नात्यातून.

संशोधन काय सांगते?

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ८ ते १६ वर्षे वयाच्या २५१ मुलांची एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. या मुलांना भावनिक, सामाजिक किंवा वर्तनविषयक अडचणी होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दुसऱ्या गटाला त्या उपचारांच्या जोडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास, याप्रमाणे १२ आठवडे संगीतोपचार मिळाले. मुलांनी आपल्या मनाप्रमाणे गावे, वाजवावे, हालचाल करावी, आणि उपचारकाने साथ द्यावी, असे त्याचे स्वरूप होते.

उपचार संपले तेव्हा दुसऱ्या गटातील मुलांचा आत्मसन्मान वाढलेला आणि औदासीन्य घटलेले आढळले. १३ वर्षे व त्यापुढील मुलांनी आपली इतरांशी संवाद साधण्याची क्षमता सुधारल्याचे सांगितले. सर्व वयांची मुले एकत्र धरली असता मात्र संवादातील फरक निश्चित म्हणण्याइतका मोठा नव्हता. आणि २६ आठवड्यांच्या वेळी पुन्हा तपासणी केली, तेव्हा आत्मसन्मान व औदासीन्य यांतील लाभ टिकलेला दिसला नाही.

स्वमग्न मुलांविषयीही असेच सावध निष्कर्ष आहेत. ९ देशांतील ३६४ लहान मुलांच्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचे दिसले नाही. पुढे २०२२ साली २६ अभ्यासांचा, म्हणजे एकूण १,१६५ व्यक्तींचा एकत्रित आढावा घेण्यात आला. एकंदर सुधारणा व जीवनमान यांत संगीतोपचाराचा लाभ होत असावा, परंतु सामाजिक संपर्क व बोलणे यांविषयी स्पष्ट पुरावा नाही, असे त्यात आढळले.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितले. शासकीय प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने उजळ बाजू तेवढी सांगावी, असा एक समज आहे. पण मुलांच्या जिवाशी गाठ असते तेथे अर्धे सत्य सांगणे हा अपराध ठरतो. बेलफास्टच्या चाचणीचा मला समजलेला अर्थ असा: संगीताने मुलाच्या मनाला खरोखर उभारी मिळते, पण ती उभारी आपोआप साठून राहत नाही. आपल्या सत्तरीत पावसाळ्यात ओहोळ दुथडी भरून वाहतात. म्हणून एप्रिल महिन्यात विहिरीला पाणी असेलच असे नाही. बारा आठवड्यांनी उपचारक निघून जातो. त्यानंतर मुलाला सुरांची आणि माणसांची संगत कोण देणार? हा प्रश्न गावाने सोडवावयाचा आहे.

गावाची ठेव

ही संगत देण्याची सामग्री आपल्याकडे विपुल आहे. चतुर्थीच्या आरत्या, देवळातील भजन, धालो, फुगडी, शिगमो, रणमाले. तसेच चर्चमधील गायनवृंद आणि तेथील संगीतशाळा. घुमट तर २०१९ साली आपल्या राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले आहे. या सर्वांत एक समान गुण आहे: येथे अनेक जण एकाच लयीत श्वास घेतात. गाताना श्वास सावकाश सोडावा लागतो आणि त्याने शरीराचा ताण सैल होतो. तालात हात चालू असताना बोलण्याची सक्ती नसते. ज्या दुःखाला मुलापाशी अजून शब्द नाहीत, ते दुःख घेऊनही त्याला चारचौघांत बसता येते. जर्मनीतील लाइपझिग येथे ४ वर्षांच्या ९६ मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला, एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक तत्परतेने धावली.

पण या ठेवीला एक कीड लागली आहे, आणि तिला खतपाणी घालण्यात माझाही वाटा आहे. ती कीड म्हणजे स्पर्धा. स्पर्धेने कलेचा दर्जा वाढतो, नवी मुले पुढे येतात, हे मान्य. परंतु प्रत्येक पेटी, प्रत्येक घुमट स्पर्धेसाठीच बाहेर निघू लागले, तर बेसूर मुलाने, अडखळणाऱ्या मुलाने, शोकात बुडालेल्या मुलाने कोठे जावे? ज्याला संगीताची सर्वांत अधिक गरज, तोच प्रथम पथकातून गळतो.

शिक्षकांसाठी

यासाठी शिक्षकबंधू व भगिनींना माझी विनंती आहे की आठवड्यातील एक तास स्पर्धेपासून मुक्त ठेवावा. दहा-पंधरा मुले गोलाकार बसवावीत. एका मुलाने टाळी वाजवून किंवा घुमटावर थाप देऊन आपला ठेका सांगावा. इतरांनी तो जसाच्या तसा परत करावा. मग दुसऱ्याची पाळी. चूक काढू नये, गुण देऊ नयेत, पालकांपुढे प्रयोग करू नये. ज्याला वाजवावयाचे नाही त्याने बसून ऐकावे. तेही भाग घेणेच आहे. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, मोठा आवाज सहन होत नाही. ती कानांवर हात ठेवतात. त्यांना ओढून ढोलापाशी बसवू नये. आणि या तासाला 'उपचार' हे नाव देऊ नये. उपचार हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. संगीतोपचारक म्हणून कोणी शाळेत आले, तर त्याचे प्रशिक्षण कोठे झाले आणि तो कोणत्या डॉक्टरांच्या सहकार्याने काम करतो, हे अवश्य विचारावे.

पालकांसाठी

मूल कानाला यंत्र लावून बसले की काही पालक रागावतात आणि काही, माझ्यासारखे, निश्चिंत होतात. दोन्ही चूक. ऑस्ट्रेलियातील कॅट्रिना मॅकफेरन, फिनलंडच्या सुवी सारिकालिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली किशोरवयीन मुलांसाठी १३ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. संगीताचा उपयोग मुलगा सावरण्यासाठी करतो की त्याच त्या दुःखात रुतून बसण्यासाठी आणि इतरांपासून लपण्यासाठी, हे तीवरून ताडता येते. तीच गाणी एकाला तारतात आणि दुसऱ्याला खोल नेतात. म्हणून मोबाइल हिसकावून घेऊ नका. जवळ बसा, "मलाही ऐकव" म्हणा, आणि ऐकून झाल्यावर विचारा, "आता हलके वाटते की अधिक जड?" उत्तर मिळाले नाही तरी उपदेश करू नका. उद्या पुन्हा बसा.

डॉक्टरांकडे कधी?

ही गोष्ट कृपया लक्षपूर्वक ऐकावी. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा चिडलेले राहिले, झोप वा भूक बदलली, शाळा टाळू लागले, आवडीचे खेळ सोडले, स्वतःला इजा करू लागले, मरणाची भाषा बोलू लागले किंवा आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर गाण्याची, देवाची, दृष्ट काढण्याची वाट पाहू नये. देवावर श्रद्धा असू द्या, गाणे चालू असू द्या. पण पाऊल आधी दवाखान्याकडे वळू द्या. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे. बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आपल्याच राज्यात आहे. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर आजच लिहावेत.

यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत होतो आणि बहुतेक वेळा तो कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या देशात १२ राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे साधारणपणे चौदा मुलांत एक. चाळीस मुलांच्या वर्गात असे किती बाक होतात, याचा हिशेब आपण शिक्षकांनी मनातल्या मनात करावा.

शेवटचे दोन शब्द

भाच्याचे उपचार चालू असतानाच चतुर्थी आली. वडिलांविना ती पहिलीच चतुर्थी. आमच्या वाड्यावरील एक वृद्ध घुमटवादक आरतीला आले. त्यांनी मुलाला गा म्हटले नाही, धीर धर असेही म्हटले नाही. "माझा हात आता दुखतो, तू जरा हे धर," एवढेच म्हणून कासाळे त्याच्या हातात दिले. पहिल्या दिवशी मुलाचा ठेका मागे पडत होता. म्हातारबाबांनी त्याला पुढे ओढले नाही. घुमटाची लय आपण संथ केली. शमेळवाल्यानेही ती ओळखून आपला हात आवरला. सगळी आरती त्या मुलाच्या चालीने चालली. मला नॉर्डॉफ यांच्या पियानोविषयी वाचावे लागले. त्या गृहस्थांनी ते नाव कधी ऐकले नसेल.

हा चमत्कार म्हणून सांगत नाही. मुलगा त्या रात्री बरा झाला नाही. औषधे आणि समुपदेशन पुढेही दीर्घकाळ चालले. डॉक्टरांना आरतीविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, ते चालू ठेवा आणि माझ्याकडे येणेही चालू ठेवा. आज तो अकरावीत आहे. अजून गात नाही. पण आरतीच्या वेळी कासाळे कोठे ठेवले आहे, हे त्याला विचारावे लागते.

सभेतून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका न गाणाऱ्या मुलाचे नाव आठवावे, आणि प्रत्येक पालकाने आज रात्री आपल्या मुलापाशी पाच मिनिटे न बोलता बसावे. मीही एक निश्चय केला आहे. यापुढे स्पर्धेचे वृत्त लिहावयास जाईन तेव्हा पारितोषिकाची यादी घेण्यापूर्वी मागच्या रांगेपाशी जाऊन येईन.